चार बोटांचा बार

आमच्या मामेसासऱ्यांइतका बंदुकीवर जीव असलेला आणि त्या बंदुकीनं एकही जीव न घेतलेला माणूस उभ्या खान्देशात दुसरा झाला नसेल. हे वाक्य त्यांच्या हयातीत माझ्या तोंडून निघालं असतं तर त्यांनी आठ दिवस अबोला धरला असता, म्हणून आता लिहितो आहे. नात्यानं ते माझ्या बायकोचे मामा. पण तिचे वडील ती पाळण्यात असतानाच गेले आणि सासूबाई लेकीला घेऊन भावाकडे आल्या त्या तिथंच राहिल्या. त्यामुळे मांडवात माझे पाय धुतले ते मामांनी आणि पुढं जन्मभर जावई म्हणून माझी उलटतपासणी घेतली तीही मामांनीच. त्यांचं गाव जामनेरच्या पुढं, अजिंठ्याच्या डोंगराला पाठ टेकून बसलेलं. कपाशी, मका आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याची थोडी केळी. मी दीपनगरच्या वीज केंद्रात मापयंत्रांच्या विभागात नोकरीला. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, तेलाची गरमी दाखवणारे काटे खरं बोलतात की नाही हे पाहणं एवढंच माझं काम. बाहेर दोरीवरच्या सदऱ्यावर राख पडायची आणि आत माणूस आकड्यांत वाळायचा. स्वभावानं मी मुळातच रडका, त्यात असली नोकरी. मामांच्या गावी जाणं हीच काय ती माझी सुटी, आणि ती सुटी मामांनी मला एकदाही सुखानं घालवू दिली नाही.

कारण घरात शिरताच समोरच्या भिंतीवर ती असायची. एकनळी, ठासणीची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. डुकरांपासून पिकाची राखण म्हणून सरकारनं दिलेला परवाना वडिलांनंतर मामांच्या नावावर झाला होता. नळी जवळपास मामांच्या खांद्याएवढी उंच, दस्ता शिसवी, आणि घोडा इतका झिजलेला की ओढताना तो दरवेळी जरा विचार करी. परवान्यावर तिचं माप बारा बोर लिहिलेलं होतं. मी नवा जावई, मापाच्या खात्यातला. थोडी अक्कल दाखवावी म्हणून एकदा कामावरचा व्हर्निअर पिशवीतून घेऊन गेलो आणि नळीचं तोंड मोजलं. ते एका बाजूनं सतरा मिलिमीटर भरलं आणि आडव्या बाजूनं त्याहून थोडं जास्त, कारण साठ-सत्तर वर्षं बार ठासायचा गज आतबाहेर करून तोंड एकीकडे झिजलं होतं. बारा बोराला एवढं पुरत नाही; बोराचा आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. ती सोळाच्या आसपासची बंदूक होती. मी तसं सांगितलं. मामांनी उठून आधी दार लावलं, मग माझ्याजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणे, कागदावर बारा हाये ना, मंग ती बारा हाये. हे तुमचं यंत्र लोखंडाले ठीक हाये. कचेरीले अन् दारूले ते चालत नही." त्या दिवसापासून मी त्यांच्या गुन्ह्यात सामील झालो असं ते मानत, आणि मला वाटतं माझ्यावरचा त्यांचा थोडाफार विश्वास तिथून सुरू झाला.

त्यांचं स्वतःचं माप बोटांचं होतं. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून आधी दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा बोळा ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. एवढं झालं की गज नळीत सोडायचा. नळी रिकामी असली तर गजाचं टोक बरोबर तोंडाशी येऊन थांबतं. भरलेली असली तर आत जेवढा माल तेवढा गज वर राहतो. त्या वर राहिलेल्या गजाला आडवी बोटं लावून मोजायची. पाखरं उठवायला दोन बोटं, तीही नुसती दारू आणि बोळा. वानरांना आवाज लांबून ऐकू जावा म्हणून अडीच. सशाला तीन. डुकराला चार. पाच बोटं मामांच्या वडिलांनी एकदाच भरली होती आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यांना उजवा हात डोक्याच्या वर नेता आला नाही, अशी घरातली कथा होती. मामांना मी विचारलं होतं, बोटं कुणाची धरायची? वडिलांचा पंजा सुपाएवढा, तुमची बोटं शेवग्याच्या शेंगा. ते म्हणाले, "ज्याचा खांदा, त्याची बोटं." माझ्या सगळ्या नोकरीत इतकं सोपं आणि इतकं बिनतोड उत्तर मला कुठल्याही साहेबानं दिलं नाही.

या बोटांच्या पट्टीवर त्यांनी सगळी सृष्टी बसवली होती. तलाठी दोन बोटं. गावचा सरपंच दिसायला चार, पण दारू दमट. शाळेतले हेडमास्तर नुसती टोपी, म्हणजे घोड्याखाली बसवायची, बार पेटवणारी तांब्याची टिकली; फक्त चट्‌ असा आवाज, पुढं काही नाही. लग्नाआधी मला पाहायला ते दीपनगरला आले होते तेव्हा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघून सासूबाईंना निरोप दिला, "पोरगं दोन बोटांचं हाये, पण कोरडं हाये. पेटंल." हे मला बायकोनं लग्नानंतर सहा महिन्यांनी सांगितलं आणि मी पुढं कित्येक वर्षं ते मनाला लावून घेतलं. मला मुलगी झाली तेव्हा त्यांनी मला अडीच बोटांवर बढती दिली. त्यापुढं मी कधी गेलो नाही. मामींना मात्र त्यांनी पहिल्यापासून चार बोटं दिली होती आणि मामी त्या मानाला जागत. "ह्यायच्या बंदुकीनं जन्मात एकच शिकार केली," त्या मला चहा देता देता सांगत, "ते मी." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि गजाला तेल लावत बसत.

पावसाळा सरला की एक दिवस दारू उन्हात घालायचा असे. त्या दिवसाचा गावाला धाक होता. अंगणात बाजेवर पितळी परात, परातीत ती काळी पूड, आणि शेजारी मामा हातात काठी घेऊन बसलेले. घरात चूल पेटायची नाही. आदल्या दिवशीच्या भाकरी आणि ठेचा. गल्लीत बिडी ओढायची बंदी. एका वर्षी मी नेमका त्याच दिवशी पोचलो. मामांनी मला उंबऱ्यावरच थांबवून खिशातली काड्यापेटी काढून घेतली, आणि सिगारेट ओढायची असेल तर मारुतीच्या पाराच्या पलीकडे जा म्हणून सांगितलं. पार तिथून अर्धा मैल. मी तिथवर गेल्यावर लक्षात आलं की काड्यापेटी तर त्यांच्याकडेच आहे. परत आलो तर म्हणाले, "आता दारूच्या वासात आलेच हायेत तर बसा. सिगरेट उद्या ओढजा." आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत त्या परातीकडे बघत बसलो. मला तेव्हा वैताग आला होता. आता तशी एक दुपार मिळाली तर मी सिगारेट कायमची सोडीन.

शिकारीचं म्हणाल तर बंदूक भरायलाच त्यांना इतका वेळ लागे की डुकरं मका खाऊन, बांधावर अंग घासून, सावकाश निघून जात. "घाईनं भरलेली बंदूक अन् घाईनं केलेलं लगीन," ते म्हणत, "दोन्ही मागं फुटतात." एकदाच योग आला. सकाळची वेळ, मी सोबत होतो. मक्यातून कळप सोडून एकटा हिंडणारा एक भला थोरला एकुलगा डुक्कर बाहेर आला आणि वीस पावलांवर आमच्याकडे कुशी करून उभा राहिला. मामांनी बंदूक खांद्याला लावली. मी कान झाकून डोळे मिटले. बराच वेळ झाला तरी काही होईना म्हणून डोळे उघडले तर त्यांनी बंदूक खाली केली होती आणि डुक्कर मेंढराच्या चालीनं ओढ्यात उतरत होता. मी विचारलं तर म्हणाले, "तीन बोटं भरली होती. तिनात डुक्कर मरत नही, जखमी होतो. चार रोज कुठी कुठी वरडत फिरला असता." परत येताना ते फार खूश होते. सबंध सीझनचा अर्धा मका त्या जनावरानं खाल्ला होता आणि हा गृहस्थ चुकीचं माप वापरलं नाही म्हणून खूश. मामींनी त्या दिवशी दोघांनाही जेवायला वाढलं नाही.

त्यांच्या आयुष्यातलं खरं दुःख म्हणजे निवडणूक. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणाव्या लागतात. त्या दिवशी मामा लग्नातला कोट घालत. बंदूक मामींच्या जुन्या पातळात गुंडाळत, वर सुतळीच्या तीन गाठी. एसटीत तिला खिडकीची जागा, स्वतः बाहेरच्या बाजूला. ठाण्यात हवालदाराला दरवेळी तेच सांगणं: ओलीत ठेवू नका, दस्ता खाली टेकवू नका, आडवी ठेवा, हिच्यावर दुसरी ठेवू नका. लेक सासरी सोडून आल्यासारखे ते परत येत आणि निकाल लागेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. एरवी पाच वर्षांनी येणारं हे संकट पुढं पुढं वर्षा-वर्षानं यायला लागलं. दिल्लीतलं सरकार पडल्याची बातमी रेडिओवर ऐकली की सगळा गाव पारावर जमून चर्चा करी. मामा एकटेच भिंतीकडे बघत बसत. "पडतं त्यायचं," ते म्हणत, "अन् जाते माझी." राजकारणावर मी एवढं मुद्देसूद भाष्य दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही.

ते विसरायला लागले ते कधीपासून, हे आम्हाला कुणालाच नीट सांगता येणार नाही. माणूस मुळातच विक्षिप्त असला की त्याचं आजारपण उशिरा ओळखू येतं. ते दिवसातून पाच-सहा वेळा बंदूक काढून नळीत गज सोडून बघायला लागले. मला वाटलं, म्हातारपणी काटेकोरपणा वाढला. एकदा मला म्हणाले, "पाव्हणे, तुम्ही दीपनगरले कामाले लागले म्हणे," तेव्हा मला तिथं पंधरा वर्षं झाली होती. मला वाटलं, थट्टा करताहेत. सासूबाई गेल्यापासून घरात ती दोघंच होती. मामींना आधी कळलं होतं. एका खेपेला त्यांनी मला गोठ्याकडे नेलं आणि म्हणाल्या, "जवाईबापू, हे भरतात, खुंटीले लावतात, अन् भरली हे इसरून जातात. मले झोप येत नही." मी त्यांची समजूत घातली. टोपी बसवल्याशिवाय बार उडत नाही, आणि तांब्याच्या टोप्या तर मामांच्या कमरेच्या बटव्यात असतात, असं शास्त्र मी त्यांना सांगितलं. माझ्या खात्यात एखादा काटा दोनदा चुकला की आम्ही तो काढून टाकतो. इथं मी शास्त्र सांगून भुसावळची गाडी धरली. धुळ्याला दिलेली त्यांची लेक वर्षभर सांगत होती की दोघांनी आमच्याकडे या. तिलाही मी कळवलं नाही.

त्यानंतरच्या निवडणुकीला मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण एकट्यानं जामनेरला जाण्याची त्यांना आता धास्ती वाटे. तसं ते बोलले नाहीत, म्हणाले, "तुम्हाले कचेरीची माहिती व्हईल." कोट, पातळ, सुतळी, खिडकीची जागा, सगळं रीतसर झालं. ठाण्याच्या ओसरीत वीस-पंचवीस परवानेवाले रांगेत बसलेले, बहुतेक एकमेकांना ओळखणारे. मामांना सगळ्यांनी रामराम घातला. त्या वर्तुळात त्यांचा मान होता. माप विचारायला लोक त्यांच्याकडे येत. हवालदार नवा होता, पोरसवदा, पण अदबशीर. त्यानं विचारलं, "आबा, खाली हाये ना?" मामांना ते लागलं. म्हणाले, "साहेब, चाळीस वर्सं जमा करू राह्यलो. आजवर कोणी इचारलं नही." रांगेतले दोघंतिघं हसले. हवालदारही हसला आणि हसत हसतच, केवळ रीत म्हणून, त्यानं गज नळीत सोडला.

गज खाली गेला नाही. तो वर राहिला, आणि चार बोटांहून बराच जास्त; मी जिथं उभा होतो तिथूनही दिसत होतं. मामा पुढं झाले, त्यांनी आपली बोटं आडवी लावली, मग दुसऱ्या हाताची. सात भरली. चार बोटांच्या बारावर तीन बोटांचा दुसरा बार. हा बार कुणी उडवला असता तर नळी फाटून उडवणाऱ्याचं डोकं जागेवर राहिलं नसतं, हे त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला कळलं. मामा पुन्हा एकदा मोजायला लागले. मला तिथून पळून जावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदाही सातच भरली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोणी भरलं?" घरात भरणारं दुसरं कुणी नव्हतं. आयुष्यभर न मोजता ज्यांनी चिमूटभर दारू ओतली नाही, ते नळी आधीच भरलेली आहे हेही विसरले होते आणि भरून झाल्यावर मोजायचंही.

हवालदाराला ठासणीची बंदूक रिकामी कशी करायची ते ठाऊक नव्हतं. रांगेतल्या लोकांना ठाऊक होतं, पण सात बोटांना हात लावायला कुणी पुढं होईना. शेवटी मामाच म्हणाले, "तांब्याभर पाणी द्या." ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत, बाभळीखाली ते उकिडवे बसले. मला त्यांनी नळीच्या तोंडासमोरून बाजूला केलं. नळीत पाणी ओतलं, भिजू दिलं, गजाच्या टोकाला पिळाचा आकडा बसवला आणि दोन बोटांत गज धरून इतका हळू फिरवत आत नेला की तो फिरतोय हेही कळू नये. पहिला बोळा आला. मग छर्रे तळहातावर ओतून घेतले. मग आतला बोळा, मग काळा चिखल. पुन्हा पाणी, पुन्हा बोळा, पुन्हा छर्रे. अर्धा-पाऊण तास लागला. हात एकदाही कापला नाही, एकदाही थांबला नाही. त्या हातांना सगळं ठाऊक होतं. ज्याचे ते हात होते त्याला मात्र, आपण हे का करतो आहोत, हे मध्येच मला विचारावं लागलं. मी सांगितलं. "असं का," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. हवालदार माझ्या शेजारी उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, मामी. तो म्हणाला, "मी लिहून नही घेत काही. पण निकालानंतर पावती घेऊन येऊ नका, भाऊ."

पावती मी माझ्या पाकिटात ठेवली. ती माझ्याकडे आहे हे मामींना सांगितलं, आणि मग त्यांनीच ती युक्ती काढली. निकाल लागले, गुलाल उधळला गेला, बाकीच्यांच्या बंदुका घरी आल्या. मामांनी विचारलं, निवडणूक झाली का? मामी म्हणाल्या, अजून नही. मी गेलो की मला विचारत. मी म्हणायचो, "नाही मामा, अजून चालूच आहे." पुढच्या महिन्यात, "पुन्हा घ्यायची म्हणताहेत." त्याच्या पुढच्या महिन्यात, "सरकार पडलं." त्या काळात हे कुणालाही खरं वाटलं असतं. मामा मान हलवत आणि रिकाम्या खुंटीकडे बघत. माझ्या नोकरीत खोटा आकडा लिहिणं ही एकच गोष्ट अशी होती की जिला माफी नव्हती, आणि मी तीसएक वर्षं तो कधी लिहिला नाही. मामांपुढं मात्र मी दर खेपेला सफाईनं खोटं बोललो आणि परतीच्या एसटीत माझा मलाच राग आला. एकदा तर त्यांनी गल्लीतल्या एका परवानेवाल्याच्या खांद्यावर बंदूक पाहिली आणि घरी येऊन मामींना म्हणाले, "त्याची परत आली. माझी काहून नही आली?" मामी स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दिवाळीनंतर लेकीनं दोघांना धुळ्याला नेलं. देवपुरात तिचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथं मामांना काहीच करायला नव्हतं. ओट्यावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गावाची एसटी केव्हा आहे विचारायचं. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा जाई. मला ते कधी ओळखत, कधी नवा मास्तर समजत. माणसांना बोटं लावणं बंद झालं होतं. माझी बायको त्यांच्याजवळ बसून म्हणाली, "मामा, हे किती बोटांचे, सांगा ना," तर त्यांनी माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं आणि म्हणाले, "बसा ना, बसा." त्यांनी मला पुन्हा दोन बोटांवर आणलं असतं तरी मी आनंदानं घरी गेलो असतो.

पुढच्या वर्षी खरंच सरकार पडलं आणि खरीच निवडणूक आली. मी आणि बायको त्या दिवशी धुळ्यात होतो. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीतून प्रचाराची रिक्षा गेली, भोंगा लावलेली. मामा ओट्यावर होते. भोंगा जवळ आला तसे ते ताठ झाले, उठले, आत आले आणि खुंट्या शोधायला लागले. मग दाराआड, मग बाजेखाली. लेकीनं विचारलं, काय पाहिजे, तर म्हणाले, "कोट दे. जमा करायची हाये. उशीर झाला तं परवाना जाईल." कोट गावी राहिला होता. ते घाबरेघुबरे झाले. बंदूक सापडत नव्हती, कोट सापडत नव्हता, आणि बाहेर भोंगा ओरडत होता. मी त्यांना धरून खाली बसवलं आणि पाकिटातून ती पावती काढून त्यांच्या हातात दिली. घड्यांवर फाटलेली होती. म्हटलं, "मामा, जमा झाली. आपण दोघं गेलो होतो ना जामनेरला. ही बघा पावती. शिक्का आहे."

त्यांनी ती पावती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. वाचता आलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग माझ्याकडे बघून अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "पाव्हणे, नळी खाली होती ना?"

मी म्हटलं, "हो मामा. खाली होती."

"हवालदारानं गज टाकून पाह्यला?"

"पाहिला. सगळ्यांसमोर पाहिला. गज तोंडाशी येऊन थांबला."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि पावती घडी घालून मला परत दिली. "मंग बरं," म्हणाले. नंतर लेकीनं चहा आणला तो त्यांनी बशीत ओतून सगळा प्यायला, आणि माझ्या बायकोला तिच्या नावानं हाक मारून, पाव्हण्यांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नको म्हणून सांगितलं. त्या हिवाळ्यात ते गेले. बंदूक अजून ठाण्याच्या कोठडीत कुठंतरी असेल, आडवी ठेवली असेल तर बरं.